आधी थोडं करा, मग आम्हाला विचारा

ऑगस्ट २०२१ मधली गोष्ट तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं होतं. ठिकठिकाणच्या प्रकल्प कार्यालयांत पिशव्या भरभरून फोन जमा झाले. वरवर बघणाऱ्यांना वाटलं, बायकांना मोबाइल चालवता येत नाही म्हणून हा दंगा. पण तसं अजिबात नव्हतं. ते फोन २०१९ मध्ये मिळालेले, त्यांची रॅम २ जीबी. मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं, ते त्या फोनवर धड चालेना. फोन गरम व्हायचा, अडकायचा. शिवाय ॲप इंग्रजीत. आयुष्यभर मराठीत रजिस्टरं लिहिलेल्या बाईनं बाळाचं वजन, उंची, लसीकरण इंग्रजीत भरायचं, आणि नाही भरलं तर मानधनाची धास्ती! प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. पुढे त्या ॲपमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. आल्या हे चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, माझा प्रश्न साधा आहे. राज्यभर ते ॲप वाटण्याआधी एखाद्या तालुक्यातल्या दहा सेविकांच्या हातात पंधरा दिवस देऊन पाहिलं असतं, तर भाषेची तक्रार पहिल्या दिवशी दुपारच्या आतच समजली नसती का?

हा प्रश्न मी माझ्या भाचीला विचारला. ती पुण्यात हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तू जे म्हणतेस ना, त्याला आमच्याकडे ॲजाइल म्हणतात. त्याचे हजारो रुपयांचे कोर्स असतात."

मी बीए, तेही मराठी आणि इतिहास घेऊन. संसार, मुलं आणि आमच्या माणदेशातल्या बचत गटांचं काम यातच निम्मं आयुष्य गेलं. पण हजारो रुपयांचे कोर्स म्हटल्यावर मला राहवेना. सुट्टीत ती आली तेव्हा शेंगा फोडता फोडता सगळं समजून घेतलं. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं, ते इथे सांगते.

ॲजाइल म्हणजे चपळ. सॉफ्टवेअर बनवायची जुनी पद्धत अशी होती की, आधी सगळ्या मागण्या लिहून घ्यायच्या, मग जाडजूड आराखडा, मग वर्ष-दोन वर्षं काम, मग तपासणी आणि शेवटी एकदम वापरणाऱ्याच्या हवाली. पाणी जसं एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडतं आणि परत वर चढत नाही, तसं. म्हणून तिला 'वॉटरफॉल', म्हणजे धबधबा, असं नाव पडलं. गंमत अशी की, १९७० मध्ये विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं ही पायऱ्यांची आकृती आपल्या लेखात काढली, आणि त्याच लेखात असं सरळसोट काम धोक्याचं आहे असंही बजावलं. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला. आपल्याकडे कुळाचार नेमका असाच पुढे जातो!

पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या बर्फाच्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. सतराच्या सतरा पुरुष, हे मी मुद्दाम नोंदवते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नियम आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं महत्त्वाचं. कागदपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची. करारावर अडून बसण्यापेक्षा ज्याच्यासाठी काम करतोय त्याला सोबत घेणं महत्त्वाचं. आणि ठरलेल्या बेताला चिकटण्यापेक्षा बदलाला तोंड देता येणं महत्त्वाचं. मी भाचीला म्हटलं, "हे तर पाहुणे किती येणार हे माहीत नसताना स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे." तर म्हणे, "हो, पण तुला त्याचा पगार नाही मिळाला."

कामाची रीत अशी. सगळं काम एकदम घ्यायचं नाही. पंधरा दिवसांत पुरं होईल एवढाच तुकडा घ्यायचा, याला 'स्प्रिंट' म्हणतात. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बैठक. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. बसलं की गप्पा लांबतात म्हणून उभं राहायचं. पंधरा दिवसांनी जे झालं ते वापरणाऱ्याला दाखवायचं, तिचं ऐकायचं आणि मग पुढचा तुकडा ठरवायचा. शिवाय आपसात एक बैठक, काय जमलं, काय नाही यावर. या पद्धतीतल्या 'स्क्रम' या प्रकाराचं नाव रग्बी या खेळातून आलं. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एका लेखात नवी वस्तू तयार करणाऱ्या तुकडीची तुलना रग्बीच्या संघाशी केली होती, तिथून ते पुढे आलं. भिंतीवर चिठ्ठ्या लावून 'करायचं, चालू, झालं' असे तीन रकाने करतात, तो 'कानबान' म्हणजे टोयोटाच्या मोटार कारखान्यातली रीत. जपानीत त्या शब्दाचा अर्थ पाटी.

एवढं ऐकल्यावर मला आठवली ती आमच्या म्हसवडची बँक. माणदेशी महिला सहकारी बँक. १९९७ मध्ये चेतना गाला सिन्हा यांनी इथल्या बायकांना घेऊन ती उभी केली. मूळ कारण फार छोटं होतं. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी पैसे साठवायचे होते, आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडेना. रक्कम अगदीच चिल्लर म्हणून. मग आपलीच बँक काढू, असं ठरलं. पण रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायकांनी काही महिने साक्षरतेचे वर्ग केले आणि मग त्या स्वतःच अधिकाऱ्यांना भेटायला गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, मग बघू कोण आधी सांगतं, असं त्यांनी तिथं ऐकवलं. परवाना मिळाला.

ही गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना पाठ आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची. बँकेत डिजिटल व्यवहार आणायचे ठरले तेव्हा बायकांना पिन नंबर द्यायचा विचार होता, जगात सगळीकडे देतात तसा. बायकांनी नको म्हटलं. नंबर कुणीही बघेल, कुणीही काढून घेईल आणि माझे कष्टाचे पैसे नेईल. त्यापेक्षा अंगठा घ्या. माझा अंगठा कोण चोरणार? चेतनाताईंनी २०१८ मधल्या आपल्या टेडच्या भाषणात हा प्रसंग सांगितला आहे. शिकलेल्या माणसांनी काढलेला तोडगा शाळा न शिकलेल्या बाईनं बदलायला लावला, आणि का बदलायचा तेही सांगितलं. कारण तिच्या घरात काय चालतं ते तिलाच माहीत. नंबर लिहून ठेवला तर तो कुणाच्या हाती लागेल, हे कुठल्या इंजिनिअरला माहीत असणार?

आता कुणी म्हणेल, मग अंगठा हेच उत्तर. तर तसंही नाही. रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा काय झालं ते आपण पाहतोच आहोत. उसाच्या, कांद्याच्या, भांडी घासायच्या कामानं बोटांच्या रेषा झिजतात, म्हातारपणी तर उमटतच नाहीत. यंत्र तेच, अंगठाही तोच. म्हसवडला बायकांनी तो आपली गरज ओळखून मागितला. रेशनवर तो वरून आला, सगळ्यांना एकदम लागू झाला, आणि ज्यांचा उमटला नाही त्यांनी हेलपाटे घातले.

अगदी ताजं उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजना. जून २०२४ अखेर अर्थसंकल्पात जाहीर झाली, दरमहा १५०० रुपये. आपल्यापैकी बहुतेकींचा त्याच्याशी संबंध आलाच असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. त्यात बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी होती, आणि त्यांच्या मोबाइलवर ओटीपी जाणार. मग जिचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, तिनं काय करायचं? घटस्फोटितेनं कुणाकडे ओटीपी मागायचा? राज्यभर ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि अशा बहिणींनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, अशी सोय झाली. म्हणजे दुरुस्ती झाली. सरकार ऐकत नाही असं मी म्हणणार नाही. पण ही अडचण कळायला दोन महिने आणि कितीतरी बायकांच्या झोपा खर्ची पडल्या. कुठल्याही गावातल्या एका गल्लीतल्या दहा बायका बसवून तो फॉर्म भरून घेतला असता, तर त्यात एखादी विधवा असतीच. तिनं पहिल्याच रकान्यावर बोट ठेवलं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही बरं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ ला आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट मोठ्या गाजावाजानं सुरू झाली. पहिल्या दिवशी किती लोकांना विमा घेता आला? सहा! त्या साइटवरून फक्त सहा जणांना. मग बाहेरून तरबेज माणसांची एक छोटी तुकडी बोलावली. त्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ उभ्यानं बैठका घेतल्या, एकेक अडचण पकडून सोडवली, आणि दोनेक महिन्यांत साइट वापरण्याजोगी झाली. पैशाची कमतरता तिथेही नव्हती.

आता थोडं आमच्या गटांबद्दल. आमच्या पाच बचत गटांचे हिशेब वह्यांत असतात. हजेरी, बचत, कर्जाचा हप्ता, व्याज, दंड. वर्षाच्या शेवटी ताळा लावताना डोळे पांढरे होतात. एका संस्थेनं पूर्वी आम्हाला एक ॲप दिलं होतं, चाळीसच्या वर रकाने असलेलं. त्यात एक प्रश्न होता, घरात नळ आहे का? हो किंवा नाही. आता माणदेशात या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं? नळ आहे, पण पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. काहींच्या नळाला उन्हाळ्यात चार महिने येतच नाही. बायकांनी 'हो' भरलं, कारण नळ होता. तिकडे कुणाच्या तरी तक्त्यात आमचं गाव पाणीदार झालं असणार! ते ॲप वर्षभरात आपोआप बंद पडलं.

म्हणून भाचीनं या वेळी दुसरी वाट धरली. पाचांपैकी एकच गट घेतला, अकरा बायकांचा. पहिल्या पंधरवड्यात फक्त मोबाइलवरचा एक तक्ता, नाव, बचत आणि हप्ता. आकडेही खरे नाहीत, खोटे टाकलेले, नुसतं बघायला. सभेत दाखवला. ज्यांना वाचता येत नाही अशा दोघी म्हणाल्या, "आम्हाला आमचं नाव कसं कळणार?" मग नावासमोर प्रत्येकीनं आपापलं चित्र सांगितलं. कुणी शेळी, कुणी शिलाई मशीन, एकीनं हट्टानं मोटारसायकल. भरलं की हिरवा रंग, राहिलं की लाल. त्यावर अध्यक्षीणबाई म्हणाल्या, लाल नको, लाल बघून बाई सभेलाच यायची नाही. पिवळा ठेवला.

दुसऱ्या पंधरवड्यात तो तक्ता सभेनंतर सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा बेत होता. सभेत सगळ्या 'हो हो' म्हणाल्या. सभा संपली, चपला घालता घालता एक जण माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते आमच्या ह्यांच्या मोबाइलवर येतंय की. माजी जादाची बचत त्यास्नी दिसंल." गटाच्या ठरलेल्या बचतीशिवाय ती महिन्याला थोडे जास्तीचे टाकते, लेकीच्या कॉलेजसाठी. नवऱ्याला ते ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ते पैसे उरणार नाहीत, हे आम्हा दोघींनाही माहीत. मी मग बाकीच्यांना एकेकीला विचारलं. अकरांपैकी स्वतःचा मोबाइल असणाऱ्या चार. उरलेल्यांचा फोन नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. सभेत कुणीच बोललं नव्हतं.

भाचीला सांगितलं तेव्हा ती फोनवर थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "मावशी, हे कागदावर मागण्या लिहून घेताना कधीच आलं नसतं." आकडे खोटे होते म्हणून कुणाचं काही गेलं नाही. व्हॉट्सॲपवर आता फक्त एवढंच जातं की सभा झाली, पुढची अमुक वारी. रकमा फक्त गटाच्या एका फोनवर, आणि प्रत्येकीला तिची रक्कम सीआरपी ताई कानात सांगते. म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर आमचं सॉफ्टवेअर वाढलं नाही, कमीच झालं. भाचीच्या मते हेच चांगलं लक्षण.

तिच्या ऑफिसातही सगळं आलबेल नाही हं. नाव ॲजाइल, पण उभ्यानं घ्यायची पंधरा मिनिटांची बैठक पाऊण तास चालते, आणि साहेब एकेकाचा हिशेब घेतात. कामाला गुण देतात, ते अंदाज बांधायला असतात. तर त्याच गुणांवरून कोण किती कामसू हे ठरवायला लागले. अमेरिकेतल्या लोकांच्या सोयीनं रात्री नऊला कॉल, म्हणजे पोळ्या करायच्या वेळी. चिठ्ठ्या भिंतीवर लागल्या, पण वापरणाऱ्याला कुणी विचारलं नाही, तर ती नुसती सजावट. एकदा त्यांनी चार महिने खपून एका गिऱ्हाईकासाठी आकडेवारीचा सुंदर तक्ता केला. रंगीत आलेख वगैरे. नंतर कळलं, तो कुणी उघडतच नाही, कारण दुकानातल्या माणसाला फक्त उद्या किती माल मागवायचा एवढंच हवं होतं.

डेटाच्या कामात आणखी एक भानगड असते म्हणे. आधी निवडणं-पाखडणंच फार. एकाच बाईचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हेनं, जन्मतारखा सगळ्यांच्या १ जून किंवा १ जानेवारी. तांदूळ निवडल्याशिवाय भात किती होईल ते सांगता येत नाही, तसं माहिती साफ केल्याशिवाय तिच्यातून काय निघेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून तिथे पंधरा दिवसांत अमुक देतो असं वचन देण्यापेक्षा, पंधरा दिवसांत अमुक प्रश्नाचं उत्तर शोधून बघतो, असं म्हणणं खरेपणाचं. मला हे पटलं.

सगळीकडे मात्र हे चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तलावाचा बांध थोडा थोडा बांधून, फुटला तर बघू, असं म्हणता येत नाही. रक्तपेढी, औषधाचा डोस, कर्जावरचं व्याज, इथे आधी पक्कं आणि मग सुरू. आणि 'प्रयोग आहे, सांभाळून घ्या' म्हणत गरिबाच्या पैशांवर अर्धवट ॲप चालवायचं, हेही ॲजाइल नव्हे. आमच्या खोट्या आकड्यांचं महत्त्व त्यातच होतं.

तुमच्या गावात उद्या नवं ॲप आलं, नवा फॉर्म आला, तर आणणाऱ्याला बेधडक विचारा. हे आधी कुणी वापरून पाहिलं? त्यात आमच्यासारख्या किती होत्या? नवरा नसेल, फोन नसेल, रेंज नसेल तर काय? चुकलं तर कुणाला सांगायचं, आणि तो किती दिवसांत दुरुस्त करणार? आणलेला माणूस बहुधा बिचारा हाताखालचा असतो, त्याच्यावर ओरडू नका. पण त्याला प्रश्न लिहून घ्यायला लावा.

आमच्या गटात सध्या तिसरा पंधरवडा चालू आहे आणि भांडण दंडाच्या रकान्यावर आहे. सभेला उशीर झाला की पाच रुपये दंड, हा नियम. तक्ता तो आपोआप लावतो. पण सुगीच्या दिवसांत ज्वारी काढायला गेलेली बाई वेळेत कशी येणार? वहीत अध्यक्षीणबाई अशा वेळी दंड लिहीतच नव्हत्या, हेही आत्ताच बाहेर आलं. भाचीचं म्हणणं, सूट द्यायचं बटण ठेवू. कोषाध्यक्षा म्हणतात, बटण कुणाच्या हातात देणार ते आधी सांगा. पुढच्या गुरुवारी मतदान आहे. मोटारसायकलवाली आत्ताच सांगून बसली आहे, "बटन माज्याकडं द्या, म्या कुनालाच सोडनार न्हाई."